कुळांची बेदखली

कुळांची बेदखली : जमीन किंवा घर खंडाने वा भाड्याने वहिवाटणाऱ्या व्यक्तीचा ताबा मालकाने अथवा शासनाने काढून घेणे, यास बेदखली म्हणतात. ती करारातील अटींच्या भंगामुळे, मालकाला स्वतःसाठी जमीन हवी असल्यामुळे, सार्वजनिक कामासाठी झालेल्या भूसंपादनामुळे किंवा निव्वळ दांडगाईने होऊ शकते. पहिल्या दोन प्रकारांवर न्यायालय वा महसूल अधिकारी यांचे नियंत्रण असते. तिसऱ्यात शासन स्वतःच पक्षकार असते. चौथा प्रकार कायद्याने दंडनीय आहे. बेदखलीचा वाद वरवर पाहता मालक आणि कूळ यांच्यातील खाजगी वाद वाटतो. प्रत्यक्षात मालमत्तेचा हक्क धारणेतून निर्माण होतो की श्रमातून, आणि तो हिरावणाऱ्यास शिक्षा कोणती, हे राजकीय प्रश्न त्याच्या मुळाशी आहेत. समाजवादी विचारसरणीने ते विसाव्या शतकात उघडपणे मांडले. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मावळ प्रदेशात हे प्रश्न एकाच भूमीवर वेगवेगळ्या रूपांत उपस्थित झाले, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्या प्रदेशाच्या आधारे विषयाचे विवेचन केले आहे.

मावळातील भूधारणा : सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांना मावळ म्हणतात. आजच्या मावळ तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ही खोरी येतात. तालुक्याचे ठाणे वडगाव असून लोणावळा हे त्यातील थंड हवेचे ठिकाण होय. मुळशी खोरे प्रशासकीय दृष्ट्या वेगळे असले, तरी ऐतिहासिक अर्थाने मावळातच मोडते. भरपूर पाऊस, खाचरांतील भात, डोंगरउतारावरील नाचणी-वरईची वरकस शेती आणि लहान लहान धारणा ही येथील शेतीची वैशिष्ट्ये आहेत.

ब्रिटिश अमलापूर्वी या भागात मिरासदार व उपरी असे शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरागत असे व सारा भरीत असेपर्यंत त्याला सहसा काढता येत नसे. उपऱ्याचा ताबा मात्र कराराच्या मुदतीपुरता असे. रयतवारी पद्धतीत प्रत्येक खातेदार सरकारचा थेट देणेकरी झाला. त्याची जमीन विक्रीयोग्य झाली, आणि म्हणूनच ती कर्जापोटी जप्त होण्याजोगीही झाली. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जमीन सावकाराच्या नावे होई. सावकार स्वतः नांगर धरीत नसे; तो त्याच शेतकऱ्याला त्याच जमिनीवर कूळ म्हणून ठेवी. मालकाचे कूळ होण्याची ही प्रक्रिया १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांमागील प्रमुख कारणांपैकी एक होती. दंग्यांची सुरुवात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम झाला. त्याने कर्जाच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. परंतु आधीच कूळ बनलेल्यांच्या ताब्याला संरक्षण मिळाले नाही.

धरणे आणि मुळशीचा सत्याग्रह : मुंबईतील गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा उद्योगसमूहाने १९१० मध्ये जलविद्युत् कंपनी स्थापन केली. लोणावळ्याच्या परिसरात वळवण, शिरवटा व लोणावळा येथे जलाशय बांधले गेले, आणि घाटाखाली खोपोली येथील वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. पाठोपाठ आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले. मुळशी खोऱ्यात निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याची योजना पुढे आली, तेव्हा मात्र विरोध संघटित झाला. जमीन १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाखाली घेतली जात होती. खाजगी कंपनीसाठीही शासनाला या अधिनियमान्वये सक्तीने जमीन घेता येई.

रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल १९२१ रोजी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. या लढ्याची सर्वांत बोधप्रद बाजू म्हणजे विरोधकांमध्येच पडलेली फूट. बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनींचे कागदोपत्री मालक पुण्यातील सावकार होते. त्यांच्या दृष्टीने जमीन हे भांडवल होते. त्याचा वाजवी मोबदला मिळाला की त्यांचा प्रश्न मिटत होता, आणि त्यांच्यापैकी बहुतेक तडजोडीकडे वळले. कसणाऱ्या मावळ्याची स्थिती निराळी होती. संपादनात ज्याची किंमत धरली जाई तो हक्क त्याच्यापाशी नव्हता, आणि जे त्याच्यापाशी होते त्या वहिवाटीला व गावातील वस्तीला भूसंपादन अधिकाऱ्याच्या तक्त्यात रकाना नव्हता. एकाच शेतावर दोघांचा संबंध होता. पण संपादनाने एकाला रक्कम मिळे आणि दुसऱ्याला वाट धरावी लागे. सत्याग्रहाचे स्मरण बहुधा उद्योगविरोधी वा धरणविरोधी लढा म्हणून केले जाते. ते खरे आहे. पण अपुरे आहे. मालकी आणि वहिवाट यांच्यातील विसंवाद महाराष्ट्राच्या राजकारणात इतक्या स्पष्टपणे प्रथमच दिसला, तो येथे.

शिक्षा झाली ती विरोध करणाऱ्यांना. बापटांना अनेकदा तुरुंगवास भोगावा लागला. १९२४ च्या अखेरीस त्यांनी अहिंसेची मर्यादा ओलांडून धरणाच्या कामावरील रेल्वेगाडी अडविली, त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह मोडला, धरण पूर्ण झाले आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र कार्यान्वित झाले.

समाजवादी मतप्रवाह : १९३० नंतर कुळांचा प्रश्न पक्षीय कार्यक्रमांत शिरला. कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा दीर्घ संप केला. १९३७ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाने जमीनदारी विनामोबदला नष्ट करण्याचा कार्यक्रम स्वीकारला होता. काँग्रेसमधील मध्यममार्गी गटाला मोबदला देऊन क्रमाक्रमाने सुधारणा हवी होती.

या सर्वांहून मूलगामी भूमिका आंबेडकरांनी १९४७ मध्ये संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी तयार केलेल्या निवेदनात आढळते. शेती हा राज्याचा उद्योग असावा, राज्याने मोबदला देऊन जमिनी ताब्यात घ्याव्यात आणि गावकऱ्यांच्या गटांना जातिभेद न करता त्या सामुदायिक रीतीने कसावयास द्याव्यात, अशी ती योजना होती. तीत जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर हे तिन्ही वर्ग उरत नव्हते. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा समाजवाद्यांच्या तोंडी असली, तरी तिने खाजगी मालकी नष्ट होत नाही. मालक तेवढा बदलतो. आंबेडकरांचा आक्षेप याच मुद्द्यावर होता. कुळाला मालक केल्याने त्याच्या शेतात राबणाऱ्या भूमिहीनाचे काय होणार, हा त्यांचा प्रश्न पुढील कायद्यांनी अनुत्तरितच ठेवला. मात्र समाजवाद संविधानाच्या मजकुरात गोवण्यास त्यांनीच विरोध केला. नोव्हेंबर १९४८ मध्ये के. टी. शाह यांनी ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची सूचना मांडली, तेव्हा समाजरचना कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवावे, असे उत्तर त्यांनी दिले.

ज्या देशांत समाजवादी राजवटी आल्या, तेथे या प्रश्नाला वेगळे वळण लागले. रशियात नोव्हेंबर १९१७ च्या हुकमाने जमीनदारांची मालकी विनामोबदला रद्द झाली आणि जमीन शेतकऱ्यांत वाटली गेली. तथापि १९३० पासूनच्या सामुदायिकीकरणात तीच जमीन त्यांच्या हातून गेली, व सधन ठरविलेल्या कुटुंबांना गावांतून हद्दपार करण्यात आले. ७ ऑगस्ट १९३२ च्या हुकमाने सामुदायिक शेतातील धान्याच्या चोरीलाही मृत्युदंडाची किंवा दीर्घ कारावासाची तरतूद केली. खाजगी मालमत्तेचे पावित्र्य नाकारणाऱ्या राजवटीने सार्वजनिक मालमत्तेला त्याहून कठोर दंडसंरक्षण दिले, हा विरोधाभास टीकाकारांनी वारंवार दाखविला आहे. भारतीय कूळकायद्यांच्या विरोधकांनीही या उदाहरणाचा आधार घेतला; परंतु भारतातील कायदे मोबदला, सुनावणी आणि अपील यांच्या चौकटीतच राहिले.

कूळकायदा व बेदखलीची लाट : मुंबई प्रांतात १९३९ मध्ये पहिला कूळकायदा झाला. १ जानेवारी १९३८ पूर्वी किमान सहा वर्षे सलग जमीन स्वतः कसणाऱ्यास ‘संरक्षित कूळ’ मानले गेले. हा अधिनियम प्रथम काही भागांपुरताच लागू झाला आणि १९४६ मध्ये सर्व प्रांतात आला. त्याची जागा घेणारा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम २८ डिसेंबर १९४८ पासून अंमलात आला. खंडाला कमाल मर्यादा घालण्यात आली. कूळाने खंड थकविल्यास, जमिनीचे नुकसान केल्यास, पोटकूळ ठेवल्यास, स्वतः न कसल्यास किंवा शेतीखेरीज अन्य कामासाठी ती वापरल्यासच कूळवहिवाट संपुष्टात आणता येईल, असे ठरले. मालकाने मामलेदाराच्या हुकमाशिवाय ताबा घेऊ नये, हा या कायद्याचा कणा होय.

या कण्याला दोन ठिकाणी भेग होती. एक ‘व्यक्तिशः कसणे’ या व्याख्येत. मालकाने रोजंदारीच्या मजुरांकडून स्वतःच्या देखरेखीखाली शेती करून घेतली, तरी ती व्यक्तिशः कसणेच ठरे. पुण्यामुंबईत राहून मावळातील खाचरांवर हक्क सांगणाऱ्या मालकाला ही व्याख्या सोयीची होती. दुसरी भेग राजीनाम्याची. कूळाने लेखी राजीनामा देऊन जमीन सोडली आणि मामलेदाराने ती स्वखुशीने सोडल्याची खात्री करून घेतली, तर बेदखलीचा प्रश्नच उद्‌भवत नसे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वि. म. दांडेकर व गो. ज. खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. कायदा लागू असतानाही मोठ्या प्रमाणावर कुळे बदलली व मालकांनी जमिनी परत घेतल्या, आणि स्वेच्छेचे म्हणून नोंदविलेले राजीनामे बऱ्याच अंशी संशयास्पद होते, असे तीत दिसून आले. कर्जबाजारी कूळ सावकार-मालकाच्या शब्दाबाहेर जात नसे. त्याने मामलेदारापुढे ‘राजीखुशीने’ म्हणणे हे त्याच्या परिस्थितीचे निदर्शक होते, इच्छेचे नव्हे.

जानेवारी १९५५ मध्ये काँग्रेसच्या आवडी अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला. त्या वातावरणात मुंबई राज्याने १९५६ ची व्यापक दुरुस्ती केली. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरविण्यात आला आणि त्या दिवशी कूळ हे कायद्यानेच जमिनीचे खरेदीदार मानले गेले. शेतजमीन न्यायाधिकरणाने आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान किंमत ठरवावी व कूळाने ती हप्त्यांनी फेडावी, अशी योजना होती. तत्पूर्वी स्वतः कसण्यासाठी जमीन हवी असलेल्या मालकाला ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत नोटीस व ३१ मार्च १९५७ पर्यंत अर्ज करण्याची मुभा होती. तरीही निम्मी जमीन कूळाकडे ठेवणे बंधनकारक होते. परत घेतलेली जमीन मालकाने वर्षाच्या आत कसली नाही, किंवा बारा वर्षांच्या आत कसणे सोडले, तर ती कूळाला परत द्यावी लागे.

अपवादांची यादी मोठी होती. विधवा, अज्ञान व अपंग मालक तसेच सैन्यातील व्यक्ती यांच्या बाबतीत खरेदी लांबणीवर पडे, आणि पुढे योग्य मुदतीत नोटीस देण्याचे ओझे कूळावर येई. निरक्षर कूळाला मालकाच्या मुलाचे वय केव्हा पूर्ण झाले याचा हिशेब ठेवावयाचा होता. धर्मादाय विश्वस्त संस्थांच्या जमिनी सूट मिळवू शकत, त्यामुळे देवस्थानांची कुळे अनेक ठिकाणी कुळेच राहिली. सुनावणीस गैरहजर राहिलेले कूळ खरेदीस नाखूश समजले जाई व खरेदी निष्फळ ठरे. ही चूक उशिरा ध्यानात आली, आणि अशा कुळांना पुन्हा संधी देणाऱ्या दुरुस्त्या कराव्या लागल्या.

शिक्षेचे स्वरूप : कूळाने कर्तव्यात कसूर केल्यास त्याला जी शिक्षा होते ती जमीन जाण्याची, म्हणजे उपजीविका जाण्याची. मालकाने बेकायदा ताबा घेतल्यास त्याच्या उभ्या पिकाची जप्ती, खर्चाची भरपाई आणि अधिनियमात सांगितलेला दंड एवढीच तरतूद होती. दोन बाजूंच्या शिक्षांमधील ही विषमता डाव्या पक्षांच्या टीकेचा मुख्य विषय होती. बेकायदा बेदखली हा गुन्हा मानून कारावासाची शिक्षा द्यावी, असे एक मत होते. दुसऱ्या मताप्रमाणे तुरुंगापेक्षा जमीन परत मिळणे कूळाला महत्त्वाचे; आणि १९६९ च्या दुरुस्तीने हाच मार्ग पत्करला. १५ जून १९५५ रोजी ताब्यात असलेले, पण कृषक दिनापूर्वी कायदेशीर हुकमाशिवाय काढलेले कूळ असेल, तर तहसीलदाराने चौकशी करून त्यास जमीन परत द्यावी, असे तीत म्हटले आहे. त्यासाठी दोन अटी होत्या : ३१ जुलै १९६९ रोजी ती जमीन मालकाच्या किंवा त्याच्या वारसाच्या ताब्यात असावी, आणि तोपर्यंत ती बिनशेती झालेली नसावी.

दुसरी अट लहान दिसते. पण लोणावळा-खंडाळ्यासारख्या ठिकाणी तिचा अर्थ मोठा होतो. जेथे भातखाचराचे भूखंड होऊन त्यावर बंगला उभा राहू शकतो, तेथे बांधकाम हेच हक्काच्या परतफेडीला अडसर ठरते. तेच जमीन त्रयस्थाला विकण्याबाबत. खेड्यातील बेकायदा बेदखली सुधारता येण्याजोगी राहिली. गिरिस्थानाच्या बाजारपेठेतील बेदखली मात्र पुसता येणे अवघड होते. शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीविना शेतजमीन घेण्यास याच अधिनियमाने मनाई केली आहे, आणि नियमबाह्य व्यवहारातील जमीन शासनजमा करण्याची तरतूदही त्यात आहे.

संविधान व मालमत्तेचा हक्क : मूळ संविधानात मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने भूसुधारणा कायद्यांना संरक्षण देणारी नववी अनुसूची निर्माण केली, आणि तिच्या यादीत मुंबईच्या १९४८ च्या कूळकायद्याचा क्रमांक दुसरा आहे. १९५६ च्या दुरुस्तीला आव्हान मिळाले. १९५८ मध्ये श्रीराम रामनारायण मेढी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. ४२ व्या दुरुस्तीने (१९७६) उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला. ४४ व्या दुरुस्तीने (१९७८) मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. १९७९ पासून तो केवळ घटनात्मक हक्क आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने मात्र नववी अनुसूची ही शेतकऱ्याच्याच मालमत्तेवरील आक्रमण असल्याची भूमिका घेतली. समाजवादाच्या नावाने झालेल्या कायद्यांनी लहान खातेदाराचे हात बांधले, हा त्यांचा युक्तिवाद कुळांतून मालक झालेल्यांच्या पुढच्या पिढीला पटणारा होता. खरेदी केलेली कूळजमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीस दहा वर्षे झालेल्या जमिनींच्या बाबतीत आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ही अट शिथिल केली.

घरांच्या भाडेकरूंचा प्रश्न समांतर चालला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने भाडे गोठविले आणि पागडी घेणे कारावासास पात्र गुन्हा ठरविले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने पागडीला मान्यता दिली, आणि अनुज्ञप्तीची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेण्याची तरतूद केली. शिक्षेचा रोख मालकाकडून वहिवाटदाराकडे वळल्याचे हे स्पष्ट चिन्ह होय. मुंबईतील जुन्या इमारती भाडेकरूंच्या संस्थांसाठी संपादन करण्याच्या १९८६ च्या तरतुदीवरील वादात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही, असे बहुमताने ठरले. त्याच महिन्यात न्यायालयाने उद्देशिकेतील ‘समाजवादी’ शब्दाला दिलेले आव्हानही फेटाळले.

अलीकडील स्थिती : मावळात कूळकायद्याने अनेक कसणारे मालक झाले, तरी ज्यांची वहिवाट सात-बाराच्या उताऱ्यावर कधी चढलीच नाही, ते त्याच्या कक्षेबाहेर राहिले. काथोड्यांच्या (कातकऱ्यांच्या) वाड्या कित्येकदा दुसऱ्याच्या जमिनीवर असतात. मालकाच्या जागेत घर बांधून राहणाऱ्या कूळास त्या घरातून काढता येत नाही, असे अधिनियम सांगतो. परंतु मजूर म्हणून राहणाऱ्यास कूळ असल्याचे सिद्ध करणे दुष्कर आहे. पवना धरण व मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांसाठी पुन्हा संपादने झाली. पवनेचे पाणी बंद वाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे आंदोलन झाले, आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. १८९४ चा अधिनियम रद्द करणारा भूसंपादनाचा नवा अधिनियम १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आला. त्याने प्रभावित कुटुंबाच्या व्याख्येत जमीनमालकाबरोबरच संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात उपजीविका करणारी कुळे, वाटेकरी व शेतमजूर यांचा समावेश केला आहे.